लेक फाट्यापर्यंत आली

माय गेली तेव्हा मी जर्मनीत, मुलीच्या स्वयंपाकघरात, अळीव भिजत घालत होते. नातू नऊ दिवसांचा होता आणि मुलीचं सिझर झालेलं. भावाचा फोन आला, "ताई, माय गेली." मी विचारलं, "किती वाजता?" सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून जन्म काढला की तोंडातून आधी हेच निघतं. तो म्हणाला, आत्ताच, बारा-साडेबाराला. मी "बरं" म्हणाले आणि वाटीवर ताटली झाकली.

जावयानं लगेच लॅपटॉप उघडला. बिचारा म्हणाला, "मम्मी, उद्याचं तिकीट मिळतंय." मी नको म्हणाले. गेलेल्यासाठी आलेल्याला टाकून जायचं नसतं, असंही म्हणाले. मोठं वाक्य बोलून गेले, बोलायला काय लागतं? मुलीला अजून धड बसता येत नव्हतं आणि बाळाची कावीळ उतरायची होती. मी पोचेपर्यंत माय काही थांबणार नव्हती. हे सगळं खरंच होतं, आजही खरंच आहे.

त्यांच्याकडच्या चार वाजता कोणीतरी भावाचा फोन धरून मला मायचं तोंड दाखवलं. तोंड कमी आणि लोकांची कोपरंच जास्त दिसली. मग धरणाऱ्याचा हात कलला आणि बराच वेळ नुसतं आभाळ दिसत राहिलं. मी ते आभाळ पाहत उभी राहिले. रडू आलं नाही. म्हटलं, येईल नंतर, आता बाळाच्या अंघोळीची वेळ झाली.

ते नंतरही आलं नाही. सत्तर दिवस मी बाळाला तेल लावलं, मुलीला शेक दिला, बाबागाडीत घालून पोराला बागेत फिरवलं. कचऱ्याचे चार डबे असतात तिकडे, कोणत्या डब्यात काय टाकायचं तेही शिकले. काचेची बाटली रविवारी टाकायची नाही म्हणे, आवाज होतो. ऐकून मला वाटलं, इथं माणूस मेलं तर रडतात कुठं? पण मला कुठं रडायचं होतं? आत काहीच हलत नव्हतं. भूक लागायची नाही, पण जेवत होते, झोपत होते. मुलगी घाबरून पाहायची आणि म्हणायची, "आई, बोल ना गं काहीतरी." मी म्हणायचे, शेपा खा, दूध कमी पडेल.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. आमच्याकडे लेक मौतीला येते ती वेशीपासून रडत येते. हुंदके देत नव्हे, चांगला हंबरडा फोडून, माय वं माय करत. गल्लीतल्या बाया कोपऱ्यावर उभ्याच असतात. लेकीनं पहिला सूर काढला की त्या तिच्या गळ्यात पडतात आणि मग घर रडतं. लेक दोन महिन्यांनी आली तरी हे चुकत नाही. आणि जी रडत नाही तिची चर्चा गावात पुढची मौत होईपर्यंत पुरते. मी स्वतः अशा चर्चेत तोंड घातलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट भावजयीची. माय असते तोवर माहेर आपलं, ती गेली की ते भावजयीच्या हातात. माझा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटा, त्याची बायको त्याहून लहान. ती घरात आली तेव्हा मी पगारवाली नर्सबाई होते आणि तिला शिकवणं हा माझा हक्कच होता. मी जर्मनीला गेले आणि आठव्या दिवसापासून मायनं खाणं सोडलं, तेव्हाही मी तिथून फोनवर शिकवत होते. पेज पातळ कर. उशीला टेकवून बसव. घास ढकलू नको, ठसका लागेल. ती म्हणायची, "हाव ताई, पाजतो आत्याबाईले." मायला आठवण राहत नव्हती तशी, पण फोनवर दिसले की एकच विचारायची, "निंघाली का वं?" मी म्हणायचे, निघेन, तीन महिन्यांनी. तिला ते कळायचं नाही आणि मी फोन ठेवायचे.

माय गेल्यापासून भावजय एकदाही फोनवर आली नाही. भाऊ म्हणायचा, कामात आहे. सत्तर दिवस कोण कामात असतं हो? मी समजले. आयुष्यभर हुकूम सोडले, करायच्या वेळेला परदेशात बसले, आणि आता तिचं दार मला बंद झालं. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

व्हिसा संपला तशी निघाले. विमानतळावर मुलगी रडली, जावयाचे डोळे भरले, बाळानं जांभई दिली. मी मुलीला म्हटलं, टाक्यांवर हात फिरवून पाहत जा, आणि आत गेले. मुंबईला उतरले. दादरहून गाडी धरली. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, "कुठून येताय?" म्हटलं, जर्मनीहून. "फिरायला?" म्हटलं, लेकीच्या बाळंतपणाला. "मज्जा आहे बाई तुमची." मी हो म्हणाले. तिला काय सांगायचं?

नाशिक गेलं, मनमाड गेलं. गाडीत मी मुद्दाम मायला आठवायचा प्रयत्न केला. तिचे हात आठवले, मिस्रीचा वास आठवला, मी नोकरीला लागले तेव्हा तिनं शेजारणीला दिलेला गूळ आठवला. एखाद्या पेशंटची शीर सापडत नाही आणि आपण टोचत राहतो, तसं चाललं होतं. जळगाव गेलं, भुसावळ गेलं. काही निघालं नाही. मलकापूरला उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. भाऊ घ्यायला येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं होतं. मी काय पाहुणी आहे? एस.टी.नं मोताळ्याला आले आणि तिथून रोहिणखेडकडे जाणाऱ्या ऑटोत बसले. आमच्या गावच्या फाट्यावर भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होताच. त्याला बॅग दिली आणि म्हटलं, तू हो पुढं, मी पायी येते.

फाट्यापासून गाव पंधरा मिनिटांवर. आधी ओढ्याचा पूल, मग पार, मग आमची गल्ली. कोपऱ्यावर सात-आठ बाया उभ्या होत्या. पदर सावरलेले, तोंडं तयार. मी त्यांच्या समोर जाऊन थांबले आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी तोंड उघडलंसुद्धा, आवाज निघाला नाही. मी खाली पाहून पुढं चालू लागले. मागून शेजारची म्हातारी काकू म्हणाली, "परदेशातलं पानी पेली न, डोयातलं आटलं."

मी वळून म्हणाले, "काकू, तुमच्या मोतीबिंदूचं काय झालं? ऑपरेशन केलं का नाही?"

तिनं तोंड फिरवलं. चुकलंच माझं, पण तेवढंच तोंडात आलं.

भावजय दारात तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या पायावर पाणी घातलं आणि आत गेली. गळ्यात पडली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. दिवे लागेपर्यंत बाया ओसरीवर बसल्या, मी बाळाचं वजन सांगितलं, तिकडची थंडी सांगितली, आणि एकेक करून त्या उठून गेल्या. भावजयीनं ताट वाढलं. मी दोन घास खाऊन हात धुतला. ती ताट उचलून घेऊन गेली.

मग भाऊ जवळ येऊन बसला. "ताई, एक सांगतो. रागावू नको."

"काय?"

"मायची हाडं सोडली नाईत अजून."

तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावरच मी त्याला फोनवर सांगितलं होतं, माझ्यासाठी काही अडवून ठेवू नको, पूर्णेत सोडून ये. तो हाव म्हणाला होता. आणि यानं काय केलं, तर राख सोडली आणि हाडं मातीच्या लोटक्यात घालून, फडकं बांधून, शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या कडूनिंबाला टांगून ठेवली. हाडं घरात आणत नाहीत, म्हणून झाडाला. दोन महिन्यांच्या वर! येणाऱ्या-जाणाऱ्यानं रोज पाहिली असतील. चिडले की माझी नोकरीतली शुद्ध भाषा गळून पडते. म्हटलं, "काऊन रे, अक्कल गहान ठेवली काय? लोक काय म्हनत असतीन?"

"लोकाह्यचं काय घेऊन बसली," तो म्हणाला. "तू आल्याबिगर कसं सोडू? वाट पाहून राह्यली ते."

ते ऐकून तरी रडू यायला हवं होतं, असं मला वाटलं. तेही नुसतं वाटलंच.

सकाळी भाऊ कोणाची तरी जीप आणायला गेला. मी आणि भावजय शेतात निघालो, लोटकं काढून ठेवायला. तिच्या हातात डबा होता, नदीवर जायला-यायला दुपार होते म्हणून. शेत मोकळं होतं, कपाशीची पऱ्हाटी उपटून झालेली. निंब फुलला होता आणि खाली सगळा फुलोरा पडला होता. लोटकं माझ्या डोक्याच्या जरा वर, आडव्या फांदीला टांगलेलं. मला वाटलं होतं त्याहून लहान. मी हात वर केला तर भावजय मध्ये येऊन उभी राहिली.

"हात लावू नका ताई. आधी माहं ऐका."

मला वाटलं, आता काढते सगळं. म्हटलं, "बोल."

"आत्याबाईले म्या मारलं."

माझ्या तोंडातून निघालं, "काय दिलं होतंस?"

"दूधभात," ती म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं.

"तुमी म्हनत, बसवून पेज पाज. बसवलं तरी त्या तोंड उघडत नोत्या. एकच इचारत, निंघाली का? एक दिवशी म्या म्हनलं, हाव, निंघाली. त तोंड उघडलं. म्या घास देल्ला. गिळला, अन् मंग इचारलं, कुठवर आली? म्हनलं, ईमानात बसली. पुन्हा उघडलं. मंग मुंबई. मंग नाशिक. मले कुठं ठेसनं माहीत? तुमच्या भावाले इचारून पाठ केली. एका ठेसनाले एक घास. दुसऱ्या जेवनापर्यंत त्या इसरून जात, मंग पुन्हा जर्मनीहून काढो तुमाले. बारा दिवस, दोन्ही टाइम."

मी ऐकत होते. काल मी त्याच स्टेशनांवरून आले होते.

"पन मलकापूर लवकर ये," ती म्हणाली. "सात-आठ घासात मलकापूर. मंग म्या तुमाले मलकापूरले उतरूच देल्लं नाई. तसंच पुढं शेगावले नेलं. म्हनलं, महाराजाच्या दर्शनाले गेल्या. रांगेत उभ्या हायेत."

"मी अन् रांगेत?" मी म्हणाले. मी कधी देवळाच्या रांगेत उभी राहिलेली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मले माहीत हाये. पन रांग लंबी असते न ताई. रांगेत पाच-सहा घास जात. आत्याबाई लय चिडत. म्हनत, एवढी कायची रांग? माही पोरगी नर्सबाई हाये म्हनाव, तिले सोडा पुढं."

मला हसू आलं. खरंच आलं, मोठ्यानं आलं, त्या झाडाखाली. अगदी मायच बोलली होती ती. भावजयही हसली आणि तिनं लगेच पदर तोंडावर घेतला.

"फाट्यावर तेवढं आनत नोती," ती पदराआडून म्हणाली. "पयल्यांदा एकदा आनलं, त म्हने, थांब मंग, आता येऊ दे, संगं जेवतो. अन् तोंड मिटलं. त्या टायमाले उपाशी राह्यल्या. तईपासून मोताळ्याच्या पुढं आनलंच नाई तुमाले. पन त्या दिवशी म्या थकली होती ताई. दिवसभर तूर सोंगून आली. संध्याकायी जेवू घालत होती. मोताळा झालं, अन् तोंडातून निंघून गेलं, फाट्यावर आल्या म्हनून. त्याह्यनं वाटी मांगं सारली. येऊ दे म्हने, संगं जेवू. मंग तोंड उघडलंच नाई. सकायी पेज केली, तेही नाई. दुपारी गेल्या. उपाशी गेल्या ताई. म्या फाट्यावर आनलं नसतं त अजून..."

म्हणून ती फोनवर येत नव्हती. मी समजत होते मी तिची गुन्हेगार, आणि ती समजत होती ती माझी.

मी तिला सांगितलं की शेवटी गिळणंच बंद होतं, भूकच राहत नाही, चार घासांनी काही लांबत नाही. हे मी शंभर घरांत सांगितलेलं आहे आणि ते खरं आहे. तिनं मान हलवली, पण झाडापुढून हलली नाही. नर्सबाईचं ऐकलं तिनं, नेहमी ऐकत आली तसं. त्यानं तिचं काही झालं नाही.

मग मी तिला विचारलं, "फाट्याच्या पुढं काय सांगणार होतीस?"

"पुढं काई नोतंच," ती म्हणाली. "पुढं तुमालेच आनावं लागलं असतं."

मी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. लोटक्याकडे तोंड करून उभी राहिले. आधी लाज वाटली. मग म्हटलं, आता कोणाची लाज धरायची?

"फाट्यावर उतरली," मी म्हणाले. "बॅग भावाजोळ देल्ली. पायी निंघाली. पुलावर आली. ओढ्याले पानी नाई. पारापाशी आली. गल्लीत बाया उभ्या हायेत. रडली नाई म्हनून नावं ठेवून राह्यल्या. दारात आली. सुनेनं पायावर पानी घातलं."

पुढं एकच उरलं होतं. भावजय माझ्याकडे पाहत होती. मायही अशीच तोंडाकडे पाहायची, पुढचं ऐकायला.

"आली वं माय," मी म्हणाले. "आली मी. जेव आता."

आणि मग तो आवाज निघाला. मी खाली बसले, त्या फुलोऱ्यात, आणि वेशीपासून रडायचं राहिलेलं सगळं तिथं रडले. माय वं माय करत, अगदी गावातल्या बायांसारखं, सूर लावून. भावजय माझ्या गळ्यात पडली. तीही तोवर रडली नव्हती. लेकीच्या आधी सून रडली तर लोक ढोंग म्हणतात, म्हणून ती सत्तर दिवस लेकीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या वावरातला माणूस काम थांबवून उभा राहिला, थोड्या वेळानं पुन्हा वाकला.

मला फार दुखलं. ते दुखणं किती वेळ होतं ते सांगता येणार नाही.

नंतर मी लोटकं काढलं. भावानं गाठी इतक्या आवळल्या होत्या की दातानं सोडाव्या लागल्या. ते फडक्यासकट खाली ठेवलं, निंबाच्या बुडाशी, आणि तिथंच फतकल मारून बसले. मला भूक लागली होती. पोटात आग पडल्यासारखी भूक. मी भावजयीला म्हटलं, "डबा सोड."

"इथी?" ती म्हणाली. हाडं जवळ ठेवून कोणी जेवत नाही. पण तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा सोडला. भाकर होती, ठेचा होता, आणि एका वाटीत दूधभात. तो कोणासाठी केला होता ते मी विचारलं नाही. तिनं त्यातला एक घास झाडाच्या बुडाशी ठेवला आणि भाकर मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

बांधाच्या कडेला जीप येऊन थांबली. भावानं दोनदा हॉर्न वाजवला आणि मग ओरडून विचारलं, काय चाललंय, ऊन चढून राह्यलं, निंघा लवकर.

भावजयीनं बसल्या जागेवरून हात केला. "थांबा जरा," ती म्हणाली. "संगं जेवून राह्यलो."